काकूंनी नापास केलेल्या गाड्या

काकू माणसाकडे बघायच्या आधी त्याच्या गाडीला हात लावायच्या, आणि हात लावून झाला की माणसाकडे बघायची गरज त्यांना सहसा उरत नसे. जुना ट्रेलर विकायला काढलेला मालक खुर्ची पुसत असायचा, चहा सांगत असायचा, ‘आइए मैडम, बैठिए मैडम’ चाललेलं असायचं. आणि सुती साडीखाली पांढरे स्पोर्ट्स शूज घातलेल्या या बाई सरळ जाऊन रेडिएटरच्या जाळीवर पालथा हात ठेवायच्या. जाळी कोमट लागली की मागे फिरायच्या. मालक म्हणायचा, “मैडम, अभी तो आपने देखी भी नहीं.” काकू चालता चालताच म्हणायच्या, “हमारे आने से पहले तुमने गरम कर ली. ठंडी में उठती नहीं होगी.” दहाची वेळ ठरलेली असली तर त्या मुद्दाम आठलाच पोचायच्या. समोरचा माणूस तोंडात ब्रश घेऊन बाहेर आलेला त्यांना फार आवडे.

लखनौच्या ट्रान्सपोर्ट नगरात त्यांना ‘ट्रालावाली मैडम’ म्हणत; ट्रेलरला तिकडे ट्राला म्हणतात. पाठीमागे आणखीही काही म्हणत, ते लिहीत नाही. त्यांचे मिस्टर एअर फोर्समध्ये होते, बख्शी का तालाबच्या स्टेशनवर गाड्यांच्या खात्यात. रिटायर झाल्यावर जळगावला परत न जाता त्यांनी इंदिरा नगरमध्ये घर घेतलं, उरलेल्या पैशात एक ट्रेलर घेतला आणि थोड्याच दिवसांत वारले. सगळ्यांना वाटलं, बाई आता गाडी विकून मुलखात जाईल. बाईंनी गाडी विकली नाही. ड्रायव्हर बदलला.

मी उदगीरकडचा. आठवीत शाळा सुटली. तूरडाळीचा ट्रक घेऊन लखनौला आलो आणि माल उतरवल्यावर आमच्या मालकाने फोन उचलणं बंद केलं. त्याने ती गाडी जुनी घेतली होती, हप्ते आणि दुरुस्त्या मिळून ती त्याला पुरती खाऊन बसली होती. फायनान्सवाले येऊन गाडी ओढून घेऊन गेले आणि मी चादर न्‌ पिशवी घेऊन रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. तेवढ्यात पलीकडून मराठी कानावर आलं. “अरे मेल्या, नट आवळतोयस का गोंजारतोयस?” परमुलुखात आपली भाषा ऐकली की लोकांना भरून येतं म्हणतात. मला धडकी भरली. तरी जवळ गेलो, नमस्कार केला, म्हणालो, मी पण महाराष्ट्रातला आहे.

“मग मी काय करू?” काकू म्हणाल्या. मग वरपासून खालपर्यंत बघून, “ट्रेलर चालवतोस का?”

चालवत होतो. त्या दिवसापासून मी त्यांचा ड्रायव्हर झालो. माझं नाव त्यांनी विचारलं, आधार कार्डावर तपासलं आणि पुन्हा कधी वापरलं नाही. मला त्या ‘उदगीर’ म्हणायच्या. “ए उदगीर, टायर बघितलेस का? की तुमच्याकडे चाकं चौकोनी असली तरी चालतात?”

त्यांच्या हाताखाली राहणं सोपं नव्हतं. डिझेलची पावती त्या उजेडाकडे धरून बघत. घरी गेलो तर पाणी द्यायच्या, पण बस म्हणायच्या नाहीत. गणपतीत इंदिरा नगरमधल्या मराठी मंडळींची आरती असायची. एकदा मला तिथे घेऊन गेल्या आणि एका शास्त्रज्ञांच्या बायकोने कौतुकाने ‘हा कोण?’ विचारलं तर म्हणाल्या, “गेल्या महिन्यात आरसा फोडला, तो.” मी प्रसाद न घेता बाहेर आलो. त्या मागोमाग आल्या, माझ्या हातावर मोदक ठेवला आणि म्हणाल्या, “आरशाचे कापणार आहेच. मोदकावर राग काढू नकोस.”

मला घाबरायची सवय आहे. रस्त्यात गाडीने जरा वेगळा आवाज केला की मी गाडी कडेला घेतो. काकूंना ते माहीत होतं. त्या म्हणायच्या, “तू घाबरतोस ते बरं आहे, पण चुकीच्या गोष्टीला घाबरतोस. तुला वाटतं गाडी बंद पडेल. बंद पडलेली दिसते तरी. जी रोज थोडंथोडं खात चालत राहते, तिला घाबर.”

काही वर्षांनी मी त्यांना सांगितलं की मला स्वतःची गाडी घ्यायची आहे. जुनीच, नवी आमच्या आवाक्यातली नव्हती. पैसे होते ते माझ्या मजुरीचे आणि बायकोने तिच्या वाटणीचा जमिनीचा तुकडा विकून पाठवलेले. ते बुडाले असते तर उदगीरला तोंड दाखवायला जागा नव्हती, आणि आठवी नापास माणसाला दुसरं काय काम मिळणार, हेही मला ठाऊक होतं. काकू वाटाणे सोलत होत्या. सोलायच्या थांबल्या नाहीत. “बरं. दाखव,” एवढंच म्हणाल्या.

तिथून आमचं भांडण सुरू झालं ते वर्षभर पुरलं.

गाड्या दाखवायला गुड्डू भैया नावाचा दलाल होता. तोंडात पान, बोलणं असं की ऐकतच राहावं. त्याने पहिली गाडी दाखवली ती नवरीसारखी सजवलेली. काकूंनी जाळीला हात लावला आणि परत फिरल्या. दुसरीची जाळी थंड होती, तर त्यांनी मालकाला बाजूला सारून ड्रायव्हरला गाठलं. ही त्यांची दुसरी खोड. गाडीचं काहीच विचारायचं नाही, ड्रायव्हरला विचारायचं, “भैया, कहाँ दर्द रहता है?”

तो बिचारा गांगरला. मग म्हणाला, “उल्टे घुटने में रहता है मैडम. और कंधे में, दोनों तरफ.”

“चल,” काकू मला म्हणाल्या. “डावा गुडघा म्हणजे क्लच दगड झालाय. दोन्ही खांदे म्हणजे स्टिअरिंग ओढतंय. हा माणूस गाडी चालवत नाही, कुस्ती खेळतो.”

तिसऱ्या गाडीचा ड्रायव्हर म्हणाला की दुखत काही नाही, फक्त दुपारी डोकं जड होतं, झोप येते. काकूंनी त्याला केबिनच्या खिडक्या बंद करून इंजिन चालू करायला लावलं आणि स्वतः आत जाऊन बसल्या. थोड्या वेळाने डोळे चोळत उतरल्या. धूर केबिनमध्ये झिरपत होता. त्यांनी त्या ड्रायव्हरला सगळ्यांदेखत सांगितलं, “नौकरी छोड़ दो, नहीं तो किसी दिन सोते सोते मरोगे.” मालक चिडला. ड्रायव्हरने खरंच काही दिवसांनी नोकरी सोडली आणि त्याचा मालक मला रस्त्यात गाठून शिव्या देऊन गेला. काकूंना सांगितलं तर म्हणाल्या, “मग? तुला दिल्या ना, मला तर नाही.”

गुड्डू हुशार होता. पुढच्या वेळी त्याने ड्रायव्हरला आधीच पढवून ठेवलं. काकूंनी विचारलं, कुठे दुखतं? तो छाती काढून म्हणाला, “कहीं नहीं मैडम. एकदम फिट.” काकूंनी गुड्डूकडे बघितलं आणि रागाने मराठीतच सुरू झाल्या. “याचं काहीच दुखत नाही? मग हा ड्रायव्हर नाही. कुठल्या लग्नातून उचलून आणलास?” ती पण गेली.

अशा किती गाड्या गेल्या. काही मला खरंच चांगल्या वाटल्या होत्या. एकीचे कागद साफ, इंजिन गोड, मालक घाईत. मी आदल्या दिवशी बायकोला फोनवर रंगसुद्धा सांगितला होता. काकूंनी चासीखाली वाकून बघितलं, एका जागी नवा रंग होता तिथे नखाने खरवडलं आणि म्हणाल्या, “वेल्डिंग.” मालक म्हणाला, छोटी सी चीज़ है. काकू म्हणाल्या, “तुम्हारी कमर में करवा लो, फिर बताना.”

त्या दिवशी गुड्डू मला चहाच्या टपरीवर घेऊन गेला. हळू आवाजात म्हणाला, “भैया, बुरा मत मानना. तुम गाड़ी ले लोगे तो उनका ट्राला कौन चलाएगा? वो तुमको छोड़ेंगी नहीं. समझो बात को.”

मी समजलो. खरं म्हणजे ते मला आधीच सुचलं होतं, त्याने फक्त तोंडाने म्हटलं. रात्रभर तेच डोक्यात घोळलं आणि सकाळी इंदिरा नगरला जाऊन मी काकूंना म्हणालो, “तुम्हाला ड्रायव्हर सोडायचा नाही, म्हणून तुम्ही माझी प्रत्येक गाडी नापास करता.”

वाटलं होतं, चिडतील. काकूंनी हात पुसले. “नाहीच सोडायचा,” त्या म्हणाल्या. “तुझ्यासारखा गाढव मला परत कुठे मिळेल? पण मला ड्रायव्हर सोडायचा नाही हे एक, आणि त्या गाडीच्या चासीला जोड आहे हे दुसरं. तुला दोन्ही एकच वाटायला लागलंय. गुड्डूने चहा पाजला वाटतं.”

“मग तुमचीच द्या,” मी म्हणालो. आवाज चढला होता. “तुमची गाडी मला माहीत आहे. रोज मीच चालवतो. ती तरी पास आहे ना?”

काकू पहिल्यांदाच मला म्हणाल्या, “बस.”

मग त्यांनी आपल्या गाडीचं सांगायला सुरुवात केली. इंजिन एकदा नाही, दोनदा खोललेलं. मी यायच्या आधी गाडी पुलाच्या कठड्यावर गेली होती, तेव्हा पुढचा अॅक्सल सरळ केलेला आहे, बदललेला नाही. गिअरबॉक्स दुसऱ्या गाडीचा आहे. फिटनेसचा दाखला या वेळी कसाबसा मिळाला, पुढच्या वेळी मिळेलच असं नाही. टायर दिसतात नवे, पण मागचे सगळे जुन्यावरच रबर चढवलेले आहेत. गाडी महिन्याला काय कमावते आणि त्यातलं काय स्वतःच खाते, तेही सांगितलं. मी तीच गाडी रोज चालवत होतो आणि यातलं अर्धंही मला माहीत नव्हतं. त्या सांगत होत्या तेही मऊ आवाजात नाही, गुड्डूच्या गाडीला बोलत तसंच, दात खाऊन.

“तू चालवतोस म्हणून ती बरी चालते,” शेवटी म्हणाल्या. “कारण दुरुस्तीचे पैसे माझे जातात, तू बिनधास्त असतोस. तुझी झाली की तू प्रत्येक खड्ड्याला मरशील. नको घेऊस. दुसऱ्या कुणालाही विकीन, तुला नाही.”

माझ्याकडे रोख पैसे होते आणि त्यांच्या दारात तसं गिऱ्हाईक पुन्हा कधी येणार होतं? मी पाणी प्यालो आणि उठलो. दारात असताना त्या म्हणाल्या, “उद्या तिवारीकडे जाऊ.”

हे ऐकून मला खरी भीती वाटली. तिवारीजी म्हणजे ट्रान्सपोर्ट नगरातले मोठे गाडीवाले, आणि काकूंचा त्यांच्याशी उभा दावा. मिस्टर वारल्यावर तेराव्याच्याही आत तिवारीजींनी त्यांचं लोखंडी सळ्यांचं ठरलेलं भाडं आपल्याकडे ओढलं होतं. तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नसत.

“तो हलकट आहे,” काकू वाटेत म्हणाल्या. “पण ग्रीस वेळेवर मारतो. गाडी घेताना मालकाचा स्वभाव घरी न्यायचा नसतो.”

तिवारीजींच्या आवारात एक ट्रेलर विकायला होता. जाळी थंड. ड्रायव्हर म्हणाला, पाय थोडा दुखतो, बाकी ठीक. चासीखाली जुनाच रंग होता, धुळीसकट. मला वाटलं, झालं. पण काकू पास म्हणेनात. म्हणाल्या, “रिकामी कुणाचीही पळते. भरून दाखव म्हणावं.”

तिवारीजी माझ्याकडे बघून म्हणाले, “इनसे कहिए, हमारे यहाँ भरी गाड़ी का ट्रायल नहीं होता. डीज़ल कौन देगा, माल किसका?”

“याला सांग,” काकू मला म्हणाल्या, “माल माझा. माझा डब्बा सळ्यांनी भरलेला उभा आहे, बख्शी का तालाबला जायचाय. तुझा घोडा त्याला जोड. डिझेल मी देते.” ट्रेलरच्या पुढच्या इंजिनवाल्या तोंडाला इकडे घोडा म्हणतात, आणि मागच्या माल भरायच्या भागाला डब्बा.

दोघांनाही एकमेकांचं सगळं समजत होतं. तरी मी मध्ये उभा राहून हिंदीचं मराठी आणि मराठीचं हिंदी करत होतो.

शेवटी काकूंचा भरलेला डब्बा तिवारीजींच्या घोड्याला जोडला. मी चालवायला बसलो, आणि माझ्या डाव्या हाताला, एकाच सीटवर, काकू आणि तिवारीजी. दोघं दोन खिडक्यांकडे तोंड करून बसावं तसे बसले होते, पण खिडकी एकच होती. किसान पथाला, म्हणजे शहराबाहेरच्या रिंग रोडला, लागल्यावर एका पुलाच्या चढावर काकू म्हणाल्या, “थांबव.”

भरलेल्या गाडीला चढावर थांबवणं म्हणजे काय हे ज्याने केलंय त्यालाच माहीत. मागे गाड्या हॉर्न मारायला लागल्या. मी ब्रेक दाबून धरला.

“आता काढ. मागे न सरकता.”

मी क्लच सोडला. गाडी जराही मागे न जाता, एक हुंकार देऊन, वर सरकली. तिवारीजी खिडकीबाहेर बघत म्हणाले, “इनसे कहिए, गाड़ी हम सँभाल के रखते हैं. दुश्मनी अलग, गाड़ी अलग.”

काकूंनी ते भाषांतर करायला मला लावलं नाही.

बख्शी का तालाबला माल उतरवताना त्यांनी मला विचारलं, “कुठे दुखतंय?” मी पाय चाचपून म्हणालो, डाव्या पोटरीत थोडं. “क्लच प्लेट,” त्या म्हणाल्या. “वर्षभरात जाईल. ते पैसे आजच बायकोच्या खात्यात टाक आणि विसर. तिवारीला देशील ती किंमत नव्हे. किंमत म्हणजे ती आणि ही मिळून.” मग भाव करताना त्या प्लेटच्या नावाने त्यांनी तिवारीजींना इतकं खाली आणलं की तिवारीजींनी शेवटी मला डोळ्यांनीच विनवलं, यांना घेऊन जा.

मी विचारलं, “मग पास का, काकू?”

“नापास करायला काही सापडलं नाही,” त्या म्हणाल्या. “सापडेल.”

गाडी माझी झाली. काकूंनी त्यांच्या गाडीची किल्ली परत घेतली, आरशाचे कापलेले पैसे सोडून सगळा हिशोब चुकता केला आणि दुसऱ्याच आठवड्यात मला मिळत आलेलं एक भाडं माझ्यापेक्षा कमी दराने उचललं. मी तणतणत फोन केला. “तू आता गाडीवाला आहेस,” त्या म्हणाल्या. “गाडीवाल्याला मी का सोडू?” हिवाळ्यात सीतापूर रोडवर धुक्यात क्लच प्लेट गेली. मी घाबरून परत फोन केला. पलीकडून, “मला कशाला सांगतोस? मी काय मिस्त्री आहे? पैसे काढून ठेवले होतेस ना?” ठेवले होते. “मग झालं,” म्हणाल्या आणि फोन ठेवला. मी तिथेच कडेला बसलो. घर विकायची वेळ आलेली नाही हे कळत होतं. त्या बाईवर इतका राग आणि इतकं ऋण एकाच वेळी कसं वाटू शकतं, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

पुढे काकूंचे गुडघे गेले. पुण्याहून मुलगी त्यांना न्यायला आली. गाडी विकायला काढली, पण विकली जाईना, कारण गिऱ्हाईक आलं की काकू त्याला दोनदा खोललेल्या इंजिनापासून सगळं सांगत. गुड्डू हात जोडून म्हणायचा, “मैडम, आप बस चुप रहिए, बाकी हम देख लेंगे.” त्या गप्प राहिल्या नाहीत. शेवटी गाडी भंगारात द्यायचं ठरलं. त्यांचा फोन आला. “उदगीर, उद्या मोकळा आहेस का? गाडी अमौसीच्या पुढे काट्यावर न्यायची आहे. भाडं देईन.”

मी गेलो. काकू मुलीच्या गाडीतून मागोमाग आल्या. मी तो ट्रेलर वजनकाट्याच्या लोखंडी पट्ट्यावर चढवला, इंजिन बंद केलं आणि सवयीने आतच बसून राहिलो. भंगारवाला काचेतून आकडा बघून लिहायला लागला. तेवढ्यात काकू काठी टेकत काट्यापाशी आल्या.

“रुको. पहले उसको उतारो.”

“मैडम, एक आदमी से क्या होता है,” भंगारवाला म्हणाला. “वज़न बढ़ेगा तो पैसा आपको ही ज़्यादा मिलेगा.”

“मम्मा, छोड़ो ना,” मुलगी मागून म्हणाली. “धूप में क्यों खड़ी हो?”

काकूंनी मुलीकडे बघितलं नाही. काठीने माझ्याकडे दाखवत त्या भंगारवाल्याला म्हणाल्या, “उसका वज़न मेरी गाड़ी में मत लगाओ. उसकी अपनी गाड़ी है.”

मी दार उघडलं आणि खाली उतरलो. पट्ट्यावरून बाजूला झालो. काकूंनी आकडा पुन्हा बघितला आणि मान डोलावली.